चार अक्षरांची थंडी

मंगळवार, ११ फेब्रुवारी १९४७. दुपारचे अडीच वाजलेत. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर तुम्ही उभे आहात आणि पायाखाली बर्फ आहे. चित्रातला पांढराशुभ्र नव्हे, काजळीनं आणि चाकांखालच्या चिखलानं काळवंडलेला. दोन ते चार वीज बंद. सकाळी नऊ ते बाराही बंदच होती. समोरच्या दुकानात मेणबत्तीच्या उजेडात मोड मोजून दिली जातेय. दोन-दोन मोजे घालूनही तुमच्या पायांची बोटं बधिर झालीत.

कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याला एक पेनी द्या आणि संध्याकाळचा पेपर घ्या. हातात येतात ती मोजकी, पातळ पानं. युद्ध संपून पावणेदोन वर्षं झाली तरी छपाईच्या कागदाचं रेशन चालू आहे आणि ते १९५६ सरेपर्यंत चालणार आहे. एवढ्याशा जागेत सगळं जग बसवायचं, म्हणून मथळा लिहिणारा उपसंपादक एकेक अक्षर मोजतो. 'कोल्ड' हा शब्द त्याच्या सोयीचा. इंग्रजीत चारच अक्षरं, रुंदीला कमी, आणि वाचणाऱ्याच्या अंगावर लगेच काटा. या शब्दाच्या मागोमाग तुम्हाला आता फिरायचं आहे, कारण पुढच्या तीन-चार वर्षांत वर्तमानपत्रं त्याला हवामानाच्या रकान्यातून उचलून थेट पहिल्या पानावर, जगाच्या मानगुटीवर नेऊन बसवणार आहेत.

आज मात्र तो अंगाला झोंबणारा, अगदी खराखुरा आहे. २२ जानेवारीला बर्फ पडायला लागला. तेव्हापासून मार्चच्या मध्यापर्यंत ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे रोज हिमवर्षाव होणार आहे. क्यूच्या वेधशाळेत या महिन्याच्या २ तारखेपासून सूर्य दिसलेला नाही. २२ तारखेपर्यंत दिसणारही नाही. गेल्या शुक्रवारी इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल पार्लमेंटमध्ये उठले आणि त्यांनी सांगितलं की सोमवारपासून लंडन, आग्नेय भाग, मिडलंड्स आणि वायव्येकडच्या कारखान्यांची वीज तोडली जाईल. घरगुती विजेवर तासांचं बंधन आलं. बीबीसीनं टेलिव्हिजन बंद केला, साप्ताहिकांना दोन आठवडे छपाई थांबवायला सांगितलं गेलं. थोड्याच दिवसांत वीस लाखांहून अधिक माणसं कामावाचून घरी बसणार आहेत, आणि त्या घरात शेगडी पेटवायला कोळसा नाही.

पेपर नीट वाचा. सगळा दोष हवेवर टाकलेला दिसतो आणि तो पुरता खरा नाही. खाणी १ जानेवारीलाच सरकारच्या मालकीच्या झाल्या. त्याआधीपासून कोळशाचे साठे खालावत होते, तुटवड्याचे इशारे मिळत होते, आणि मंत्रिमहाशय ते मनावर घेत नव्हते. बर्फानं शेवटचा घाव घातला: खाणीच्या तोंडाशी कोळसा गोठून पडला आणि रेल्वेच्या वाघिणी हलेनात. माणसांच्या निर्णयांतून आलेली आपत्ती आभाळातून पडल्यासारखी सांगण्याची ही सवय लक्षात ठेवा. पुढे ती फार मोठ्या गोष्टीला लागणार आहे.

आता तिथूनच, त्याच थंडीत, आगगाडी पकडून नैर्ऋत्येला सॉल्सबरीला चला. गावाबाहेर माळावर लाकडी बैठ्या बराकी दिसतात. युद्धाच्या काळात हार्वर्ड विद्यापीठ आणि अमेरिकन रेडक्रॉसनं उभारलेलं हे इस्पितळ. गेल्या वर्षी, १९४६ मध्ये, इथे सर्दीवर संशोधन करणारं केंद्र सुरू झालंय. प्रमुख आहेत विषाणूतज्ज्ञ क्रिस्टोफर अँड्र्यूज. इंग्रजीत सर्दीही 'कोल्ड'च, आणि वर्तमानपत्रांना या जागेचं भलतंच वेड आहे. स्वयंसेवक हवेत अशा जाहिराती येतात: दहा दिवस राहा, जेवण फुकट, वर थोडा हातखर्च, फक्त नाकात काही थेंब घालून घ्यायचे. थेंबांत सर्दीचा विषाणू असेल किंवा नुसतं साधं द्रावण; कुणाला काय मिळालं ते त्याला सांगत नाहीत. युद्धानं दमलेल्या आणि सुट्टीला पैसे नसलेल्या तरुण जोडप्यांना ही हवापालटाची संधी वाटते. दोघं-तिघं मिळून एका घरात राहायचं, बाहेरच्यांपासून तीस फूट लांब. डॉक्टर रोज येऊन तपासतात आणि वापरलेले कागदी रुमाल मोजतात.

इथला एक प्रयोग तुम्ही पाहायलाच हवा. काही जणांना गरम पाण्यानं आंघोळ घालतात आणि मग ओल्या अंगानं वाऱ्याच्या झोतात, पॅसेजमध्ये अर्धा तास उभं करतात. कुडकुडतात बिचारे. पण विषाणू नाकात गेला नसेल तर नुसत्या गारठ्यानं कुणाला सर्दी होत नाही. एका 'कोल्ड'मुळे दुसरं 'कोल्ड' होतं ही इंग्लंडची पिढ्यान् पिढ्यांची समजूत या बराकीत डळमळीत झाली. केंद्र पुढे चार दशकांहून अधिक काळ चाललं; १९६० च्या दशकात मानवी करोना विषाणूंचा माग काढण्यातही त्याचा मोठा वाटा होता. मला या जागेबद्दल आदर आहे तो यासाठी की एका शब्दाखाली दडलेल्या दोन गोष्टी इथे धीरानं, हातानं, रुमाल मोजून वेगळ्या केल्या गेल्या. राजकारणाच्या पानावर हे काम कुणी केलं नाही.

तुम्ही मराठी आहात म्हणून हा गुंता तुम्हाला एरवी जाणवतही नाही. आपल्याकडे हवेत थंडी, नाकात सर्दी नाहीतर पडसं, आणि माठातल्या पाण्यात गारवा. शिवाय उन्हाच्या मुलखात गार असणं हे बहुधा सुखच: जीव गार होतो, डोळे निवतात, डोकं थंड ठेव म्हणून वडीलधारे सांगतात. उत्तरेकडच्या देशात थंडी म्हणजे मरणाची शेजारीण. तिथे कशाला 'कोल्ड' म्हटलं की त्यात दुरावा, अबोला, दाराबाहेर उभं ठेवणं हे सगळं आपोआप येतं. युद्धाला हे विशेषण जोडणाऱ्याला ते ठाऊक होतं.

तो कोण, हे पाहायला सोळा महिने मागे जा. १९ ऑक्टोबर १९४५. स्ट्रँडवर 'ट्रिब्यून' या डाव्या विचारांच्या साप्ताहिकाचा नवा अंक आलाय. हिरोशिमाला अजून अकरा आठवडेही झालेले नाहीत. आत जॉर्ज ऑर्वेलचा लेख आहे, अणुबाँबवर. त्याचं म्हणणं असं: जे शस्त्र स्वस्त असतं ते दुबळ्याच्या हाती ताकद देतं, जे अतिशय महाग असतं ते बलाढ्याला आणखी बलाढ्य करतं. बाँब बनवणं दोन-तीन महासत्तांनाच परवडेल. त्या एकमेकींवर तो टाकणार नाहीत, पण शेजाऱ्यांशी कायमच्या 'कोल्ड वॉर'मध्ये राहतील, आणि जी शांतता नांदेल तिला शांतता म्हणता येणार नाही. हा शब्द तो मथळ्यात घालत नाही, अधोरेखित करत नाही. वाक्याच्या ओघात टाकून पुढे जातो.

हा माणूस आपल्याला अगदी परका नाही. जन्म बिहारमधल्या मोतिहारीचा. १९४१ ते १९४३ बीबीसीच्या पौर्वात्य विभागात तो हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करायचा, आणि तिथे त्याच्याबरोबर कोल्हापूरकडच्या वेणू चितळे काम करत. त्यानं इंग्रजीत लिहिलेली साप्ताहिक बातमीपत्रं भाषांतर होऊन मराठीतूनही प्रसारित होत. युद्धाच्या बातमीतला प्रत्येक शब्द सेन्सॉरखालून जाताना कसा बदलतो हे दोन वर्षं रोज पाहिलेल्या माणसाच्या हातून हा शब्द आलाय. लेखात त्याला धार आहे. त्यात आरोप आहे, आणि आरोपी आहेत.

आता पुन्हा १९४७ च्या फेब्रुवारीत या, आणि दोन बातम्या शेजारी ठेवून वाचा. गुरुवारी, २० तारखेला, पंतप्रधान ॲटली जाहीर करतात की जून १९४८ च्या आत हिंदुस्थानची सत्ता हिंदी हाती सोपवली जाईल. त्याच आठवड्यात ब्रिटन वॉशिंग्टनला कळवतं की ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत देणं आता आपल्याला झेपणार नाही. कर्जानं आणि युद्धानं हे राष्ट्र आधीच खचलं होतं; त्यात या हिवाळ्यानं त्याचे कारखाने बंद पाडले. १२ मार्चला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन अमेरिकन काँग्रेसपुढे उभे राहून त्या दोन देशांसाठी चाळीस कोटी डॉलर मागतात, आणि जगाची वाटणी उघड होते. कोळशाअभावी गारठलेली लंडनची ती घरं आणि दोन महासत्तांचं ते वैर यांच्यात धागा आहे तो असा. फेब्रुवारीच्या पेपरातला 'कोल्ड' एप्रिलपर्यंत राजकारणात पोचला.

१६ एप्रिल १९४७, कोलंबिया, साउथ कॅरोलिना. हवा छान आहे, कोट हातावर घ्या. विधानभवनात सत्तरी ओलांडलेले उंच, रुबाबदार बर्नार्ड बारूच बोलायला उठलेत. वॉल स्ट्रीटवर पैसा कमावलेला आणि राष्ट्राध्यक्षांना सल्ला देणारा या राज्याचा पुत्र. त्यांच्या तैलचित्राचं अनावरण आहे. भाषण बरंचसं मालक आणि कामगार यांच्याबद्दल. संप नकोत, जास्त तास काम करा, एकजूट दाखवा. का, तर फसू नका, आपण एका 'कोल्ड वॉर'च्या मध्यावर आहोत. सभागृहातल्या बातमीदारांच्या पेन्सिली याच शब्दांवर थांबतात. भाषण लिहून दिलं होतं हर्बर्ट बेयार्ड स्वोप यांनी. हे मुळात वार्ताहर, नंतर न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड'चे संपादक, वार्तांकनाचं पहिलं पुलित्झर पारितोषिक १९१७ मध्ये मिळवलेले. मथळ्यात काय बसतं हे त्यांना हाडीमाशी माहीत होतं. ऑर्वेलच्या लेखातला आरोप इथे उरला नाही. इथे युद्ध कुणी करत नाही. आपण त्यात 'आहोत', पावसात असावं तसे.

त्याच वर्षीच्या शरदात न्यूयॉर्क 'हेरल्ड ट्रिब्यून'मध्ये वॉल्टर लिपमन यांची स्तंभमालिका येते आणि लगोलग 'द कोल्ड वॉर' नावाचं पुस्तक होतं. गंमत अशी की ती मालिका रशियाला चहूकडून अडवण्याच्या धोरणाविरुद्ध होती. हे धोरण अमेरिकेला न पेलणारं आहे, वाटाघाटी करा, असं लिपमन बजावत होते. धोरण टिकलं, त्यांचा युक्तिवाद मागे पडला, आणि पुस्तकाचं नाव तेवढं सगळ्यांनी उचललं. मराठी वर्तमानपत्रांतही ते आलं ते 'शीतयुद्ध' होऊन: संस्कृत, भारदस्त, घरातल्या थंडी-सर्दीशी नातं तोडलेलं. इंग्रजी वाचकाच्या अंगावर त्या शब्दानं जो काटा येई तो आपल्या वाचकाच्या आला नाही. माझ्या मते त्यामुळे आपला तोटाच झाला, कारण ते युद्ध आपल्याला फार वर्षं परराष्ट्र खात्याच्या फायलीतलं प्रकरण वाटत राहिलं.

पुढचा मुक्काम मोठा आहे. मंगळवार, २ नोव्हेंबर १९४८, संध्याकाळ, शिकागो. नॉर्थ मिशिगन ॲव्हेन्यूवरचा 'ट्रिब्यून टॉवर'. अध्यक्षपदाची निवडणूक आज झालीय. छपाई विभागात शिरा आणि कान द्या. लायनोटाइप यंत्रांचा खडखडाट असायला हवा. पावणेतीनशे अंशांच्या वर तापलेल्या शिशाच्या रसातून एकेक ओळ ओतली जायला हवी. उष्णतेनं आणि वासानं डोकं भणभणायला हवं. काहीच नाही. यंत्रं गार पडलीत. जुळारी संपावर आहेत.

बारूच यांनी संप करू नका म्हणून सांगितल्यावर दोन महिन्यांतच, जून १९४७ मध्ये, ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून टाफ्ट-हार्टले कायदा आला आणि त्यानं कामगार संघटनांचे जुने हक्क छाटले. २४ नोव्हेंबरला शिकागोच्या वर्तमानपत्रांतले छपाई कामगार बाहेर पडले. हा संप जवळजवळ बावीस महिने चालणार आहे. मालकांनी पेपर बंद ठेवले नाहीत. त्यांनी टंकलेखक बसवले, बातम्या टाइप करून घेतल्या, रकाने कात्रीनं कापून पानावर चिकटवले, पानाचा फोटो काढून त्याचा जस्ताचा ब्लॉक केला आणि त्यावरून छापलं. वितळलेल्या शिशाचं ते 'हॉट मेटल', तर हे 'कोल्ड टाइप'. ज्या शब्दानं वर्तमानपत्रांनी जग रंगवलं तो आता त्यांच्याच छापखान्यात येऊन बसलाय, आणि त्यानं एका हुन्नराच्या माणसांना दाराबाहेर ठेवलंय. खिळे जुळवणाऱ्याच्या बोटांत जे कसब असतं ते आपल्याकडे गिरगावात, बुधवार पेठेत जुन्या छापखान्यांत ज्यांनी पाहिलं असेल त्यांना या शांत पडलेल्या दालनाचा अर्थ सांगावा लागणार नाही.

या पद्धतीला वेळ फार लागतो. म्हणून पहिली आवृत्ती नेहमीपेक्षा कितीतरी आधी, निकाल हाती यायच्या आत, सोडावी लागते. व्यवस्थापकीय संपादक पॅट मलोनी घड्याळाकडे बघतात. वॉशिंग्टनचे मुरलेले बातमीदार आर्थर सीअर्स हेनिंग सांगतात, ट्रुमन यांचे प्रतिस्पर्धी ड्यूईच जिंकणार. सगळ्या चाचण्याही तेच सांगत होत्या. मथळा ठरतो: ड्यूईंनी ट्रुमनना हरवलं. घाईघाईत चिकटवलेल्या त्या पानावर बातमीतल्या काही ओळी चक्क उलट्या छापल्या जातात. सुमारे दीड लाख प्रती बाहेर पडतात. मध्यरात्र उलटते तसे आकडे फिरतात. शेवटी ट्रुमन यांच्या पारड्यात ३०३ निर्वाचक मतं, ड्यूईंच्या १८९. दोन दिवसांनी सेंट लुईसच्या स्टेशनात, गाडीच्या मागच्या सज्जात उभं राहून ट्रुमन तो अंक दोन्ही हातांनी डोक्यावर धरतात. तो फोटो जगानं पाहिलाय. संपादकांची घमेंड म्हणून ती गोष्ट सांगितली जाते. घमेंड होतीच, पण ज्यांचे अनुभवी हात त्या रात्री तिथे असायला हवे होते ते बाहेर होते हे त्या फोटोत दिसत नाही.

आता शेवटचा टप्पा. यासाठी सगळ्यात जाड कपडे घाला, तरी ते पुरणार नाहीत. डिसेंबर १९५० चा पहिला आठवडा, उत्तर कोरिया, चोसिन जलाशयाचा डोंगराळ प्रदेश. पारा रात्री उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खाली. चिनी सैन्यानं वेढलेली अमेरिकन मरीन डिव्हिजन समुद्राकडे वाट काढतेय. बंदुकीतलं तेल गोठतं. रक्तद्रवाच्या बाटल्या गोठतात आणि नळी चोंदते. शुश्रूषा करणारे शिपाई मॉर्फिनच्या कुप्या वितळाव्यात म्हणून तोंडात धरून फिरतात. जखमेतलं रक्त थिजतं म्हणून काही जण वाचले, आणि पायाची बोटं काळी पडून कितीतरी जण कायमचे अधू झाले.

याला वर्तमानपत्रात काय म्हणायचं? जूनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा ट्रुमन पत्रकारांना म्हणाले, आपण युद्धात नाही. एका बातमीदारानं विचारलं, मग याला संयुक्त राष्ट्रांच्या वतीनं केलेली 'पोलीस कारवाई' म्हणता येईल का? ते म्हणाले, हो, नेमकं तेच. शब्द बातमीदाराचा, शिक्का राष्ट्राध्यक्षांचा. पोलीस कारवाई, आणि तीही 'थंड' युद्धातली. तीन वर्षांत या द्वीपकल्पात लाखो माणसं मेली, त्यातली बहुसंख्य कोरियन आणि बरीचशी साधी प्रजा. त्या चार अक्षरांवर माझा राग आहे तो इथे. ती वॉशिंग्टन आणि मॉस्कोतून पाहिलं तर खरी होती. तिथे बाँब पडले नाहीत. पण मथळा एकदा एका जागेवरून लिहिला की तो सगळ्या जगावर लागू होतो, आणि ज्यांच्या घरांवर नेपाम पडला त्यांचं मरण त्या शब्दात मावतच नाही.

मावावं म्हणून धडपडणारे पत्रकारही इथे आहेत, हेही पाहा. मार्गरिट हिगिन्स या डोंगरात पोचलीय. पेपर 'हेरल्ड ट्रिब्यून', लिपमन यांचाच. उन्हाळ्यात बाईमाणूस म्हणून लष्करानं तिला आघाडीवरून परत धाडलं होतं. तो हुकूम तिनं सरसेनापती मॅकार्थरकडून फिरवून घेतला. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळेल. 'लाइफ'चा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन त्याच रस्त्यावर आहे, कॅमेरा कपड्यांच्या आत अंगाशी धरून. डब्यातलं गोठलेलं अन्न चमच्यानं खरवडणाऱ्या एका शिपायाला तो विचारतो, मी देव असतो तर नाताळात काय मागितलं असतंस? शिपाई बराच वेळ बोलत नाही. मग तो उद्याचा दिवस मागतो.

तिथून नैर्ऋत्येला प्योंगयांगमध्ये त्याच दिवसांत एक भारतीय तुकडी आहे: साठावी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. भारतानं लढायला सैन्य पाठवलं नाही, डॉक्टर पाठवले. माघार सुरू झालीय आणि इस्पितळाचं सामान न्यायला वाहनं नाहीत. सामान टाकून जा, असं त्यांना सांगितलं जातं. टाकलं तर पुढे इलाज कशानं करायचा? शोधता शोधता त्यांना यार्डात एक सोडून दिलेलं वाफेचं इंजिन आणि काही डबे सापडतात. इंजिन चालवण्याची थोडीफार माहिती असलेले जवान पुढे येतात. बाकीचे रांग लावतात आणि हातोहात बादल्या देत बॉयलर भरतात. लाकूड गोळा करून भट्टी पेटवतात. तुम्हीही रांगेत उभे राहा. बादलीच्या काठावरचं पाणी हातमोज्यावर सांडतं आणि तिथेच गोठतं. वाफ धरायला वेळ लागतो. मग गाडी हलते, स्ट्रेचर, औषधं, शस्त्रक्रियेची हत्यारं असं सगळं सामान घेऊन, पूल उडवले जायच्या आत नदी ओलांडते आणि दक्षिणेला सोलकडे निघते.